सुमनचं म्हणणं मी भलतंच सांगितलं

दोस्तांनो, आज गडचिरोलीत माझ्या हातून वाईट झालं.

शाळा संपल्यावर अपंग मुलांचं पुढं काय होते, हे विचारायले दिल्लीहून खासदारांची समिती आली होती. माझी चुलत बहीण सुमन यंदा दहावी पास झाली. तिचं अडखळतं बोलणं घरच्यांनाच समजते, म्हणून सोबत मी गेलो.

ती बोलत होती आन् मी खिडकीतून खासदारांच्या गाड्या पाहत होतो. साहेबांनी विचारलं, "क्या बोल रही है?" मी ठोकून दिलं, "सिलाई मशीन चाहिए." बाकीचे तेच मागत होते. त्यांनी लिहून घेतलं आन् पुढचं नाव पुकारलं.

बाहेर सुमन म्हणाली, "माहे हात थरथरते, दादा. मशीन तू चालवशीन काय? मले अकरावी शिकाची हाय, कॉलेजजवळ राहाची सोय पाहिजे."

समितीचा पत्ता कोणाकडं हाय काय? यावेळी ती सांगन तेच लिहीन.