कुंपणाबाहेरची मेणबत्ती

साठच्या दशकातली गोष्ट. धुळ्याजवळच्या आमच्या गावी माझी धाकटी बहीण जन्मली आणि तासाभरात गेली. वडील सुईणीला आणायला गेले होते, मी शाळेत होतो, आणि चर्चचे फादर दौऱ्यावर होते. आईनेच तांब्यातलं पाणी तिच्या कपाळावर ओतून बाप्तिस्मा दिला. बाळ दगावत असेल तर कोणीही तो देऊ शकतं, हे आम्हाला फादरांनीच शिकवलं होतं.

संध्याकाळी फादर परतले. "साक्षीदार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच होते, फादर."

"मग मी कसं मानू? दुःखात तुम्ही बायका काहीही सांगता."

बाप्तिस्मा न झालेल्यांना आत जागा नसे, म्हणून बहिणीला ख्रिस्ती दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, बाभळीखाली पुरलं.

रविवारी आई नेहमीसारखी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला निघाली. मी चिडून म्हणालो, "माय, त्याच माणसापुढे गुडघे टेकणार तू?"

"मी काय त्याना घर जास का? देवना घर जास," ती डोक्यावर पदर घेत म्हणाली. पण फादरांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेताना तिने डोळे मिटून घेतले.

याच फादरांनी मला बोर्डिंगात ठेवलं, पुढे जळगावच्या कॉलेजात धाडलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. ते उपकार मी विसरलो नाही, आणि साक्षीदाराचा तो प्रश्नही.

मृतांच्या स्मरणदिनी सगळे कुंपणाच्या आत मेणबत्त्या लावत. आई आधी बाभळीखाली लावायची. फादर वारले त्या वर्षी तिने एक मेणबत्ती जास्तीची घेतली आणि आत त्यांच्या कबरीकडे गेली. मला जाववलं नाही. बहिणीची ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून ओंजळ धरून मी बाभळीपाशीच बसून राहिलो.