नोव्हायच्या गॅरेजमधली स्नोमोबील

चारुदत्त नाडकर्णींच्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज होतं, आणि त्यातली एक जागा अठ्ठेचाळीस वर्षं एका जुन्या स्नोमोबीलने, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीने, अडवली होती. त्यामुळे सुमेधाताईंची गाडी हिवाळाभर बाहेर. काचेवरचा बर्फ खरवडताना त्या म्हणत, "सवत परवडली. तिला निदान भाजी तरी चिरायला सांगता येते."

आता घर विकलं होतं. महिनाअखेरीस दोघं मुलीकडे, दूर दक्षिणेत प्लेनोला, राहायला जाणार होते. तिथे बर्फच नाही, तर हे धूड नेऊन करायचं काय? उत्तर मिशिगनमधलं एक छोटं संग्रहालय ते घ्यायला तयार होतं, पण यंत्र चालू हवं, अशी अट होती. बंद यंत्रं त्यांच्याकडे ढिगाने पडली होती. सुरू झालं नाही, तर शनिवारी भंगारवाला येणार होता.

चारुदत्त एकाहत्तर साली साताऱ्याहून अमेरिकेत आले, तेव्हा स्नोमोबीलचं नुसतं पेव फुटलं होतं. शंभराहून जास्त कंपन्या होत्या. आधीची यंत्रं म्हणजे मागे इंजिन बसवलेल्या संथ घसरगाड्या. पुढे इंजिन पुढच्या बाजूला आलं, खाली रबरी पट्टा आला, आणि बर्फाने अडलेल्या गावी डॉक्टर नि टपाल पोचवणारं वाहन रविवारच्या मजेचं झालं. जन्मात बर्फ न पाहिलेल्या चारुदत्तांना अशाच एका चिमुकल्या कारखान्यात यंत्रं बर्फात पळवून पट्टे तपासायचं काम मिळालं. पट्टा तुटला, की तिथून चालत परत यायचं. ते बऱ्याचदा चालत परतले.

मग पेट्रोल महागलं, दोन हिवाळे कोरडे गेले, आणि कंपन्यांनी पटापट गाशा गुंडाळला. त्यांचा कारखानाही चौथ्या वर्षी बंद पडला. शेवटचं यंत्र फोरमनने त्यांना देऊन टाकलं. त्या कारखान्याची दुसरी खूण कुठे उरली असेल, असं त्यांना वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी संग्रहालयाचा डेल ट्रेलर घेऊन आला. चारुदत्तांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. यंत्र ढिम्म. दहा-बारा वेळा ओढून त्यांना धाप लागली. शेजारचा रवींद्र धावत आला.

"काका, सोडा यार! मी ट्राय करतो."

त्याचाही घाम निघाला. चारुदत्तांनी प्लग काढून पुसला, नळी तपासली. डेलने हळूच घड्याळ पाहिलं आणि तो चारुदत्तांना म्हणाला, "सॉरी, चार्ली. मला चार तास ड्राइव्ह करायचंय."

चारुदत्तांनी मान हलवली. यंत्रावरची धूळ ते उगाच बाहीने पुसू लागले.

दारात सुमेधाताई चहा घेऊन उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, कलंडवा की!"

"काय?"

"थोरल्या भावोजींची स्कूटर कशी सुरू करायचात? आडवी केल्याशिवाय ती कधी हलली होती का?"

चारुदत्त ओशाळले. तीस वर्षं मोटारींच्या कंपन्यांत इंजिनियर म्हणून काढली, आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नसेल हे बायकोने सांगावं! पण डेलसमोर इतकं गावठी काही करायचं?

"लाज कसली? धरा," सुमेधाताईंनी चहा खाली ठेवला.

तिघांनी मिळून यंत्र डाव्या कुशीवर कलंडवलं. डेल आ वासून बघत राहिला. पेट्रोलचा वास सुटल्यावर यंत्र सरळ केलं. रवींद्रने दोरी ओढली. एक ठसका. दुसऱ्या ओढीला निळ्या धुराचा लोट उठला आणि अख्खी गल्ली दणाणली.

"चालू!" रवींद्र ओरडला.

डेलने हसत कागद पुढे केला. यंत्राशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर त्यात लिहायचा होता. चारुदत्तांनी कारखान्याचं नाव आणि साल लिहिलं. स्वतःचं नाव लिहिलं नाही. मग थोडं थांबून खाली एक ओळ घातली: सुरू झालं नाही, तर डावीकडे कलंडवा.

"आणि कोणी सांगितलं, तेही लिहा," सुमेधाताई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं.