सिस्टरचा राउंड

सिस्टरची आणि माझी पहिली गाठ पडली ती टबावरून. भूगावात फ्लॅट घेऊन आम्हाला वर्ष झालं होतं आणि समोरचं दार कायम बंद असायचं. एका रविवारी बेल वाजली. दारात साठी उलटलेली, उंच, हाडापेरानं दणकट बाई. सुती साडीवर पुरुषी स्वेटर, आणि छातीशी टॉवेलाची गुंडाळी धरलेली. "लेकराले आंघोळ घालाचा टब आहे काय वो तुमच्याकडे? थोडा येळ पायजे होता." मला वाटलं, नात आली असेल. मी माझ्या मुलीचा जुना टब माळ्यावरून काढला, पुसून दिला आणि कौतुकानं बाळ बघायला वाकले. टॉवेलातून एका कासवानं मान बाहेर काढली. डोळे सुजून मिटलेले, पाठ भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मऊ. मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. "भिऊ नको माय," त्या म्हणाल्या, "पेशंट आहे."

टब काही परत आला नाही.

त्यांचं नाव कुसुम, पण अख्खी सोसायटी त्यांना सिस्टरच म्हणायची. यवतमाळकडच्या सरकारी दवाखान्यात त्यांची नोकरी झाली होती. मुलगा हिंजवडीत आयटीत होता, म्हणून त्या इकडे आल्या, आणि त्या आल्यावर चार-सहा महिन्यांत कंपनीनं त्याला परदेशी पाठवला. राहिली आई आणि तीन खोल्या. दुसरी एखादी बाई भजनी मंडळात गेली असती. सिस्टर गेल्या दत्ताच्या दुकानात.

हे दुकान आमच्या वळणावरच आहे. दत्ता मूळचा मुठा गावचा. वडिलांनी जमीन बंगल्यांच्या प्लॉटांना दिली आणि यानं इथं गाळा घेऊन माशांच्या टाक्या, लव्हबर्ड, कुत्र्यांचे पट्टे असा संसार मांडला. पुढं एका प्लास्टिकच्या घमेल्यात हिरव्या कासवांची पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेली. ती खपायची कशावर, तर वास्तुशांतीवर. आमच्या भागात रोज कुठली तरी नवी इमारत उभी राहते, म्हणजे रोज कुणाची तरी वास्तुशांत. भिंतीवरची घड्याळं आणि गणपतीच्या फ्रेमा देऊन लोक कंटाळले, तेव्हा कुणीतरी टूम काढली की जिवंत कासव उत्तरेला ठेवलं की घरात लक्ष्मी टिकते. झालं! काचेच्या वाडग्यात कासव, वर गुलाबी रिबीन. चार महिन्यांनी ते तळहाताएवढं झालं, पाण्याला वास यायला लागला, की तीच लक्ष्मी रात्रीची नेऊन तळ्यात नाहीतर नदीत सोडायची. वर पुण्य केल्याचा आव.

भाजीला म्हणून निघालेल्या सिस्टर या घमेल्यापाशी थांबायच्या. धडधाकट कासवाकडे त्यांचं लक्षच नसायचं. जे तळाशी पडलंय, ज्याचा डोळा उघडत नाही, त्यावर बोट ठेवायच्या. "हे दे." असं करत घरात टाक्या वाढल्या. मी चिडायचे. अहो, चिडणार नाही तर काय करणार! जनावरांतलं त्यांना कळत होतं म्हणावं, तर तसंही नाही. पहिल्या कासवाच्या पाठीला त्यांनी हळद चोपडली होती. दुसऱ्याला दूधपोळी भरवली. पुण्यातल्या एका पशुवैद्यानं त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा त्यांना समजलं की याला कोरडी जागा लागते, ऊन लागतं, खास दिवा लागतो. "मले वाटलं, लेकरू ते लेकरू," त्या म्हणाल्या. आणलेल्यांतली निम्मी गेली. प्रत्येक वेळी त्या जेवायच्या नाहीत, आणि दोन दिवसांनी पुन्हा दुकानात उभ्या.

"सिस्टर, तुम्ही हे नेता म्हणून तो नवी आणतो," मी म्हणायचे. "त्याचं काय जातंय? मरायला टेकलेलंसुद्धा खपतंय!"

"हाव, खरं आहे. नळ बंद करा पायजे," त्या शांतपणे म्हणायच्या. "पन बादलीत जे बुडून राह्यलं, त्याले पयले काढावं का नाही?"

"अहो, तुमच्या काढण्यावरच तर नळ चालू आहे!"

"तं मंग तू सांग, मी कोनत्या डोयानं पाहू?"

मी ताडकन उठून घरी यायचे. संध्याकाळी त्यांच्याकडून वाटीभर पाटोडी यायची. त्या पाटोडीचाही मला राग यायचा, आणि ती चांगली असायची याचा त्याहून जास्त.

मग जवळच नांदे गावात माझ्या दिराची वास्तुशांत झाली. सिस्टरना मी बरोबर नेलं होतं. पंगत बसली, आणि दिराच्या ऑफिसातल्या एका जोडप्यानं रिबीन बांधलेला वाडगा पुढं केला. आत दोन कासवं. सिस्टरनी घास खाली ठेवला. "कुठून घेतलं बाप्पा?" नवरा मोठ्या हौसेनं सांगायला लागला, "भूगावला एक दुकान आहे, काकू. एकदम खात्रीचं. तो म्हणाला, मोठ्या हॉस्पिटलच्या सिस्टर आहेत, त्या दर महिन्याला आमच्याकडूनच नेतात. नर्सबाई नेतात म्हणजे माल चांगलाच असणार ना!"

सिस्टरनी तो घास पुन्हा उचलला नाही. परतताना रिक्षात त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मी मात्र गप्प बसले नाही. मी म्हटलं, "ऐकलंत? तुमची दया त्यानं पाटीवर लावलीय." हे मी बोलले आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप वाटत नाही. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

"नाही घेत आता," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

आणि नशीब बघा, पुढच्याच महिन्यात दत्तानं इग्वाना आणला. आमच्याकडच्या गवंड्यांची पोरं त्याला हिरवी घोरपड म्हणायची. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली, काचेच्या पेटीत ठेवलेला. दिवस गेले तसे त्याचे मागचे पाय फुगून वाकडे झाले, जबडा लोंबायला लागला. सिस्टर एकदाच आत जाऊन बघून आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात मटकन बसल्या.

"संध्या, त्याले मुडदूस झाला वो. आमच्या तिकडे लेकरायले व्हायचा तसाच. उन्हात नेलं अन् नीट खाऊ घातलं तं वाचते."

"नाही," मी म्हटलं.

"मी मागितलं काय काही? सांगून राह्यली फक्त."

दोन दिवसांनी दत्ताच जिन्यात उभा. "सिस्टर, न्ह्या की. निम्म्यात देतो. न्हाईतर मरंल ते, हितं कोन इचारतंय त्याला?" माझं डोकं सणकलं. मरणाची भीती घालून माल खपवणारा हा पहिलाच माणूस बघत होते मी. सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नाही रे दत्त्या. मी आता घेत नाही." आणि दार लावून घेतलं.

त्या पुढं भाजीला रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या. तो इग्वाना त्याच आठवड्यात मेला. दत्तानं मागच्या ओढ्यात टाकून दिला. मी विचारलं तेव्हा सहज म्हणाला, "जागा अडवून बसलं हुतं लई. पुना आनत न्हाई मी ते. कोन न्हेत न्हाई." हे ऐकल्यावर मला वाटलं, चला, जिंकलो आपण! मी धावत समोरच्या घरात गेले. "बघा सिस्टर! तुम्ही घेतलं नाही म्हणून त्यानं आणणं बंद केलं. मी काय सांगत होते!"

त्या कासवांसाठी शेवग्याचा पाला निवडत होत्या. "हाव," त्या म्हणाल्या. "तुयं बरोबर होतं. अन् ते मेलं."

एवढंच. ना आवाज चढवला, ना डोळ्यांत पाणी आणलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं बरोबरच होतं, मी आजही तेच म्हणते. पण ज्याचं बरोबर आहे त्याला इतकं वाईट का वाटावं, हे मला कुणी समजावून सांगेल तर उपकार होतील.

त्यानंतर सिस्टरनी तिसरीच वाट काढली आणि तिनं तर मी पुरती भंजाळले. रोज संध्याकाळी पाच वाजले की त्या घरातलं लाकडी स्टूल घेऊन दुकानात जायच्या. पुढं ते स्टूल तिथंच राहायला लागलं. याला त्या 'राउंड' म्हणायच्या. घमेल्यातलं पाणी बदल, तळाशी पडलेल्याला वेगळं काढ, विटेचा तुकडा टाकून कोरडी जागा कर, स्वतः आणलेला दिवा लाव. सकाळचं कोवळं ऊन असलं की दत्ताला ओरडून घमेलं फुटपाथवर आणायला लावायच्या. विकत काही घ्यायच्या नाहीत.

"म्हणजे आता त्याची फुकटची मोलकरीण झालात!" मी म्हटलं. "तुम्ही बरी करायची आणि त्यानं विकायची!"

"वॉर्डातला पेशंट बरा करून आपन घरी नेतो काय?" त्या म्हणाल्या. "तो कोनाच्या का घरचा असेना. पाहाचं तं लागते."

पण स्टूल नुसतं सेवेसाठी नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. गिऱ्हाईक घमेल्यापाशी वाकलं की सिस्टर गोड आवाजात विचारायच्या, "कोनाची वास्तुशांत आहे बाप्पा?" माणूस खूश होऊन सांगायचा. मग त्या सुरू व्हायच्या. हे पुढं जेवायच्या ताटाएवढं होते. तुमच्या पोराचं लगन होईल तरी हे जिवंत राहीन. रोज पानी कोन बदलवते, तुमी का वहिनी? वहिनी लगेच नवऱ्याकडे बघायच्या. अन् कंटाळा आला म्हनून तयात सोडाचं नाही बरं काय, तितलं सारं हे खाऊन टाकते. निम्मे लोक तिथूनच घड्याळाच्या दुकानाकडे वळायचे. काही हट्टानं नेणारेही असायचेच. "अहो काकू, तुम्हाला काय करायचंय?" असं तोंडावर बोलून जायचे. मग सिस्टर त्यांच्या हातात शेवग्याच्या पाल्याची जुडी कोंबायच्या.

दत्ता कावायचा. "सिस्टर, माजा धंदा बसवताय राव तुमी!"

"तुया मायले इन्शुलिन कोन टोचते रे रोज?" असं त्यांनी विचारलं की हा टाक्या पुसायला वळायचा. त्याच्या आईला सुई टोचायला घरातलं कुणी धजत नव्हतं. सिस्टर नेमानं जायच्या. त्यावरच ते स्टूल दुकानात टिकलं होतं.

यानं काय साधलं? मी हे त्यांना शंभरदा विचारलं असेल. दत्ता कासवं कमी आणायला लागला, पण आणायचा. बरी झालेली चटकन विकली जायची. मी म्हणायचे, तुम्ही त्याचा माल चकचकीत करून देताय. त्या म्हणायच्या, "असन. तू एखादा उपाय सांग ज्यात काहीच चुकत नाही. मी उद्यापासून तोच करतो." मला अजून तो सापडलेला नाही, याचीच तर चीड आहे.

मागच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. मुलगा तिकडून निघाला होता, तोवर दवाखान्यात मी बसायचे. नाकाला नळी, धाप लागलेली, आणि बाईचा पहिला प्रश्न, "दुकानात जाऊन आली काय?"

"नाही," मी म्हटलं, "आणि जाणारही नाही. तुमची तुम्ही उठा आणि जा."

त्या हसल्या. माझा हात धरला. नर्सची पकड शेवटपर्यंत सुटली नव्हती. "विकत नको घेऊ. तुयं बरोबर आहे. पन पाहून तं ये."

मी "बघू" म्हटलं. असल्या वेळी माणूस दुसरं काय म्हणतो? चार दिवसांनी त्या गेल्या. मुलगा येऊन सगळं करून परत गेला. त्यांची शेवटची दोन कासवं आता माझ्या बाल्कनीत आहेत, माझ्याच मुलीच्या टबात. असा तो टब घरी आला.

दत्ताच्या दुकानापुढून मीही पलीकडूनच जात होते. परवा मात्र दत्तानं हाक मारली, "ओ ताई, जरा या की." गेले. मागच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली, तीच काचेची पेटी. आत नवा इग्वाना, बोटभर जाडीचा. मागचा एक पाय आतल्या अंगाला वळायला लागलेला.

"आणत नाही म्हणाला होतास ना रे!"

"हप्त्याला एकदा तरी कोन न कोन इचारतंच, ताई. आनला एक." मग आवाज खाली आणून म्हणाला, "न्ह्या तुमी. सिस्टर असत्या तर न्हेलाच असता."

इतका संताप झाला म्हणून सांगू! या माणसाचा, पेटीत बसलेल्या त्या मुक्या जनावराचा, आणि सगळं माझ्या गळ्यात टाकून निघून गेलेल्या त्या बाईचा. नेला तर हा पुढच्या महिन्यात दुसरा आणणार. नाही नेला तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. पेटीतल्या वाटीतलं पाणी हिरवं पडलं होतं. सिस्टरचा दिवा कोपऱ्यात धूळ खात होता, वायर गुंडाळून ठेवलेली.

"सिस्टर नेत नव्हत्या," मी म्हटलं. "त्यांनी सोडलं होतं. दिवा लाव तो आधी."

दत्तानं निमूटपणे दिवा लावला. इग्वाना हळूहळू सरकत उजेडाखाली आला.

"आणि स्टूल कुठाय?"

त्यानं पोत्यांच्या मागून ते काढलं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि ठेवलं. मी बसले. पर्स मांडीवर घेतली. ऑफिसमधून थेट आले होते, पाय दुखत होते, घरी स्वयंपाक व्हायचा होता. तेवढ्यात एक जोडपं दारात चपला काढायच्या बेतात थबकलं. बाईच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. नवरा सरळ घमेल्यावर वाकला आणि त्यातलं सगळ्यात चपळ पिल्लू दाखवून म्हणाला, "हे किती मोठं होतं हो?"

मी स्टूल जरा पुढं ओढलं.

"कुणाची वास्तुशांत आहे?" मी विचारलं.