माझ्या कुलरातल्या दहा मासोळ्या

त्या दिवशी ऊन असं होतं, की आमच्या बेसा भागातला कावळाही नळाखाली चोच उघडी टाकून बसला होता. अशा उन्हात भल्याभल्याचं डोकं बंद पडते. माझं मात्र चालून राहिलं होतं, अन् त्याच्यानंच घात झाला! आता माझी फजिती मीच सांगतो, दुसऱ्यानं सांगितली तर वाढवून सांगन.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पण बालपण रामटेकाकडच्या नाल्यात गेलं. त्याच्यानं मासोळीतलं आपल्याले सगळं समजते, असा माझा समज. मच्छर वाढले तशा मी कुलरच्या टाकीत दहा बारीक मासोळ्या सोडल्या. ही जात बोटाएवढी, चांदीवानी चमकते, पाण्याच्या वरवर फिरते अन् मच्छराच्या अळ्या टिपून खाते. गल्लीले बोलावून दाखवल्या. एक दुपार पंप चालवून पाहिला अन् बंद करून आठ दिवस पोरीच्या गावाले गेलो.

परतलो तर शेजारची पुष्पाबाई दारात.

"काकाजी, आमचा कुलर जळला. तुमचा आजच्या दिवस नेऊ का? आज आमच्या पोरीच्या होणाऱ्या सासरचे पहिल्यांदा जेवायले येऊन राहिले. माळकरी लोकं, लसूणही चालत नाही. गरमीनं चिडले तर जमलेलं फिसकटन हो!"

"ने ना वं बाई, विचारतं काहून?"

टाकी रिकामी केली, तर मासोळ्या तीनच!

"बाकीच्या सात कुठं गेल्या?"

"मोठीनं लहानीले खाल्लं असंन. जगाची रीतच हाय!"

तिनं मान डोलावली. शहाण्याचं ऐकावं लागते ना!

पुष्पाबाईच्या घरी पाहुणे बसले, मीही बसलो, खिडकीबाहेर लावलेला कुलर सुरू झाला. पहिलाच झोत व्याह्याच्या तोंडावर गेला अन् त्यानं उपरणं नाकाले लावलं.

पुष्पाबाई पांढरी पडली. "काकाजी, वास कशाचा हो?"

"वाळ्याच्या ताट्या हायेत, भिजल्या की सुटते वास. पाणी वाढव, धुऊन जाईन."

पाणी वाढवलं. वासही वाढला!

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी खात नाही. पण बाजारात सुकटवालीजवळून जाताना असाच वास येते."

पुष्पाबाईच्या पोरीनं आणलेलं ताट परत आत नेलं. शेवटी व्याही स्वतः उठून बाहेर गेले अन् कुलरची ताटी उपसली. त्यात सात मासोळ्या! उन्हानं खारीक झालेल्या, माझ्या पाण्यानं पुन्हा फुगलेल्या!

तेव्हा मले आठवलं. वरून पाणी पडलं, की ही मासोळी धारेच्या उलटी उडी मारत चढते. लहानपणी बंधाऱ्याखाली टोपली धरून मी अशाच तर पकडत होतो! पंपाचं पाणी ताटीवरून ओघळलं, बिचाऱ्याईले तो नाला वाटला. त्याईनं त्याईचं काम बरोबर केलं होतं.

मी हात जोडले. "मालक, कुलर माझा, मासोळ्या माझ्या, अक्कलही माझीच. या बाईच्या घरात अंडंही येत नाही. पोरीले नावं ठेवू नका."

व्याह्यानं माझ्याकडं पाहिलं, ताटीकडं पाहिलं अन् असे हसले की उपरणं खाली पडलं. "चला, पानं मागच्या अंगणात वाढा," म्हणाले. जमलेलं टिकलं!

संध्याकाळी पुष्पाबाई पेढा घेऊन आली. म्हणाली, "काकाजी, लग्नाले नक्की या. पण आहेरात जिवंत काही आणू नका!"