एलिजाभाऊंची पारख

एलिजा वाकरूळकर हे मूळचे पेणकडचे बेने इस्रायली. चाळीस वर्षांपूर्वी सिंगापूरला आले आणि जहाजांना दोरखंड, रंग, लाइफजॅकेटं पुरवायला लागले. धंद्यात जम बसला, तशी त्यांना चित्रं घ्यायची हौस लागली. तीही फक्त होड्यांची, जहाजांची.

गॅलरीत ते एकेका चित्रासमोर अर्धा अर्धा तास उभे राहत. लोक आदराने बाजूला सरकत.

"उगाच मान देऊ नका," एलिजाभाऊ म्हणत, "मला कलेतलं ओ की ठो कळत नाही. मी दोरवाला! दोराच्या गाठी तपासतो. गाठ बरोबर असली की चित्र घेतो."

अशी एकसष्ट चित्रं सेंगकांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीने लटकली होती. बाथरूमच्या दारावरसुद्धा एक गलबत होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, सिपोराबाईंना, गॅलरीतलं एक छोटंसं चित्र फार आवडलं होतं. काठाला बांधलेली रिकामी होडी, पाण्यावर सकाळचं पिवळं ऊन. चित्रकार कोह शेजारीच उभे होते. एलिजाभाऊंनी चष्मा सावरला आणि त्यांच्या तोंडावर निकाल देऊन टाकला, "ही गाठ सुटणार. होडी जाणार वाहून."

चित्र तिथेच राहिलं. पुढे कधी सिपोराबाईंनी नवऱ्याला चित्र सुचवलं नाही.

यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली. एलिजाभाऊंनी मोठ्या ऐटीत विचारलं, "बोल, काय आणू?"

"ती होडी," सिपोराबाई म्हणाल्या.

एलिजाभाऊंचा चेहरा पडला. पाचसहा गॅलऱ्या पालथ्या घातल्यावर त्यांना कोह यांचा पत्ता मिळाला. क्वीन्सटाउनमधली जुनी इमारत, नववा मजला. दार उघडणाऱ्या ऐंशी वर्षांच्या कोहनी त्यांना लगेच ओळखलं.

"गाठवाले ना तुम्ही?"

कपाटातून चित्र निघालं. एलिजाभाऊ माफी मागणार, इतक्यात कोहच म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. होडीवाल्याने गाठ चुकीचीच मारली होती. मी दिसली तशी काढली. रंग वाळायच्या आत होडी निघाली वाहत! तो बिचारा कपड्यांनिशी पाण्यात उतरला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत, लाह!" कोह खास सिंगापुरी हेल काढत म्हणाले.

एलिजाभाऊंना हसता हसता ठसका लागला. पंचवीस वर्षं आपण ज्या चित्राला चुकीचं म्हणत होतो, तेच डोळ्यांनी पाहून हुबेहूब काढलेलं निघालं होतं!

सिपोराबाईंनी चित्र हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. मग सोफ्यामागच्या भिंतीवरची भलीमोठी आगबोट स्वतः खाली उतरवली.

"अगं, ही कुठे ठेवू?"

"दुकानात न्या. गाठी चांगल्या आहेत तिच्या."

आता दर गुरुवारी एलिजाभाऊ हॉकर सेंटरमधल्या खाऊच्या गाड्यावरची केळ्याची भजी घेऊन कोहकडे जातात. कोह नवं चित्र समोर ठेवतात. एलिजाभाऊ ओठ घट्ट मिटून बघतात आणि "छान!" एवढंच म्हणतात.

"पण फार जड जातं गं," घरी आल्यावर ते बायकोला सांगतात. "आजचं शीड तर साफ उलटं होतं."