अप्पांची डबी आणि माझा फुल फ्रेम

फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र दुकानातच राहतात! अल्बम गेला, पेनड्राइव्ह गेला, लग्न झालेल्यांची पोरं शाळेत जायला लागली, तरी त्या लग्नात काय झालं होतं ते आम्ही अजून चहाबरोबर उगाळतोय. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला आमचा स्टुडिओ आधीच लहान, त्यात हे किस्से साठत चाललेत. ऐकणारे पोट धरून हसतात. पण ते घडत होते तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

दुकानात आम्ही तिघं. अप्पा म्हणजे माझे वडील, रोल धुण्याच्या काळापासूनचे फोटोग्राफर. मी शिवानंद. आणि व्हिडिओ करणारा माझा मित्र श्रीनिवास. तो घरी तेलुगू बोलतो, दुकानात मराठी, आणि माझ्यावर संकट आलं की दोन्ही भाषांत हसतो.

गुडघे दुखायला लागल्यावर अप्पांनी जड कॅमेरा सोडला आणि एक छोटा सुपरझूम घेतला. लेन्स बदलायची भानगड नाही. बटण दाबलं की नळी बाहेर येत राहते, येत राहते, आणि पार गल्लीच्या टोकाचं दिसतं. त्याला आम्ही 'डबी' म्हणतो. मी घेतला फुल फ्रेम मिररलेस. सेन्सर मोठा, अंधारातही फोटो चकाचक, मागचं सगळं मऊ धूसर, आणि माणसाचा डोळा स्वतः शोधून फोकस करणारा!

एवढा कॅमेरा कशासाठी? तर शोकेससाठी. दुकानाच्या दर्शनी काचेमागं एकच मोठी फ्रेम असते. तिथं कुठला फोटो लागणार ते अप्पा ठरवतात. बारा वर्षं मी दुकानात आहे आणि तिथं माझा एकही फोटो लागलेला नाही. एकदा तरी लागावा, एवढीच माझी इच्छा. हसू नका. बारा वर्षं रोज आपल्याच दुकानात शिरताना दुसऱ्याचा फोटो बघा, म्हणजे कळेल.

* * *

कॅमेरा आला त्या दिवशी अप्पांनी खोकं उघडलं आणि बॉडी उलटीपालटी करून बघितली.

"ह्येची लेन्स कुटं हाय?"

"ती वेगळी घ्यावी लागते अप्पा. दुसऱ्या खोक्यात आहे."

"म्हंजे मोटारसायकल घेतली आन् चाकं येगळी? येन इदु, ह्ये काय!" धक्का बसला की अप्पा कानडीत शिरतात.

आता नवीन वस्तूची पूजा झाल्याशिवाय आमच्याकडं साधा मिक्सरही सुरू होत नाही. मी नारळ आणायला कोपऱ्यावर गेलो. परत येऊन बघतो तर कॅमेऱ्याचं झाकण काढलेलं! मिररलेसमध्ये आतला आरसा नसतो, त्यामुळं झाकण निघालं की सेन्सर सरळ उघडा पडतो. आत चौकोनी काच चमकताना बघून अप्पांना ते देवाचं ठिकाण वाटलं. तीन बोटं आत मावेनात, म्हणून त्यांनी एकाच बोटानं तीनदा भस्म ओढलं. थेट सेन्सरवर!

हातातला नारळ सुटला आणि उंबऱ्यावर पडून फुटला.

"चला, नारळबी फुटला," अप्पा म्हणाले.

नीट साफ करायला पुण्याला पाठवायच्या आधीच मधे एक लग्न आलं. मी जमेल तेवढं पुसून गेलो. पण बाहेर उन्हात काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळावर तीन पुसट आडवे पट्टे! फोटो दाखवताना मी आधीच माफी मागून ठेवली. नवरीच्या आजीनं मात्र चष्मा सावरून बघितलं आणि हात जोडले.

"आभाळालाच भस्म लागलंय की गं! पुण्यवान हायती पोरं."

तो फोटो त्यांच्या देवघरात आहे.

* * *

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका काकांच्या मुलाचं लग्न होतं. स्टेजवरचा नवरा-नवरीचा फोटो मी असा काही काढला की मीच माझ्यावर खूश. पुढं दोघं लख्ख, मागं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. हाच तर फुल फ्रेमचा थाट!

काका दुकानात आले. बराच वेळ फोटो बघितला. मग बोट ठेवलं.

"ह्ये मागं काय सांडलंय?"

"काका, तो ब्लर आहे. त्यासाठीच तर हा कॅमेरा."

"सांडलेली ही माझी तीन साडू हायती!" काकांचा आवाज चढला. "म्हैनाभर रुसून बसलेली. हातापाया पडून आणली, फोटोत हुबी केली, आन् तुमी त्येंचं पीठ केलं व्हय?"

अप्पांनी शांतपणे डबीतला फोटो पुढं केला. डबीचा सेन्सर लहान, त्याला पुढचं मागचं सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. तिन्ही साडू, त्यांच्या टोप्या, मागच्या पंख्यावर कुणी दिलाय त्याचं नाव, सगळं हजर.

"ह्यो बघा," अप्पा म्हणाले, "मधला अजून रुसलेलाच हाय."

अल्बम अप्पांच्या फोटोंचा झाला.

* * *

डोळा शोधून फोकस करणाऱ्या कॅमेऱ्याचं कौतुक मी श्रीनिवासला तास तास ऐकवलं होतं. "एकदा डोळा धरला की सोडत नाही!"

खरंच सोडला नाही. एका लग्नात स्टेजच्या मागं नवरीच्या मामांचा भला मोठा फ्लेक्स होता. मामा हात जोडून स्वागत करतायत, डोळे वाटीएवढे. मंगलाष्टकं सुरू झाली. स्क्रीनवर हिरवा चौकोन डोळ्यावर बसलेला दिसत होता. कुणाच्या डोळ्यावर, ते मी बघितलं नाही!

दुकानात येऊन फोटो मोठे केले. नवरा धूसर, नवरी धूसर, भटजी धूसर. मागं मामा एकदम कडक, मिशीचा केस न् केस मोजून घ्या. पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्यापर्यंत नुसते मामा!

तोंड कसं दाखवायचं या विचारात होतो तर मामाच दुकानात हजर. स्क्रीनकडं बघून जागीच थांबले. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ह्याला म्हणत्यात फोटो!" मामा म्हणाले. "सगळ्यात मोठी साईज कंची हाय तुमच्याकडं?"

श्रीनिवास बाहेर पायरीवर बसून दोन्ही भाषांत हसत होता. नवरा-नवरीचं काम डबीतल्या इतर विधींच्या फोटोंवर भागलं, हे सांगायला नकोच.

* * *

डबीचा झूम अप्पा कशासाठी वापरतात ते मला उशिरा कळलं. एकदा भर रिसेप्शनमध्ये अप्पा स्टेजवर उभे, डबीची नळी पूर्ण बाहेर, रोख लांब मैदानाच्या टोकाला. मला वाटलं, पाहुण्यांचे नैसर्गिक भाव टिपतायत. माणूस काय कलाकार आहे! मी जवळ गेलो.

"शेंगापोळीची परात रिकामी व्हायलीय," अप्पा डबीतून डोळा न काढता म्हणाले. "धा-बाराच ऱ्हायल्यात."

हळू बोलले होते, पण शेजारी नवऱ्याचा चुलता उभा होता. मिनिटभरात स्टेजवर फक्त नवरा, नवरी आणि मी उरलो. करवलीसुद्धा गेली!

* * *

एकदा मात्र मी जिंकलो. म्हणजे मला तसं वाटलं.

एका तळघरातल्या हॉलमध्ये भर दुपारी लाईट गेली. खिडकी एकही नाही. जनरेटर सुरू होईना. मंगळसूत्र बांधायची वेळ, आणि मोबाईलच्या दोन टॉर्च सोडल्या तर काळोख. अप्पांच्या डबीत चेहऱ्यांऐवजी नुसता दाणेदार रवा उतरत होता. मी माझा कॅमेरा काढला. काय सांगू! नवरीच्या पापणीवरचं पाणी, मंगळसूत्राचा मणी न् मणी, सगळं आलं. बाहेर ऊन पडलंय असं वाटावं.

मोठी प्रिंट काढून अप्पांपुढं ठेवली. श्रीनिवासनं तर शोकेसची किल्लीसुद्धा हातात घेतली होती.

अप्पांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"तवा लाईट गेलती न्हवं?"

"हो अप्पा."

"मग गेलेली दिसंना की फोटोत."

"तीच तर कमाल आहे!"

"खोटं हाय त्ये," अप्पा म्हणाले आणि प्रिंट माझ्या हातात दिली.

एवढ्या मोठ्या सेन्सरचा, एवढ्या मेहनतीचा निकाल तीन शब्दांत! राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. दोन दिवस मी अप्पांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्यासाठी चहा सांगितला, पण शोकेसमध्ये त्यांचाच फोटो राहिला.

* * *

आता जे सांगतोय ते बरेच दिवस श्रीनिवास सोडून कुणाला माहीत नव्हतं.

मे महिना. अक्कलकोट रोडला शेतात लग्न, पत्र्याचा मांडव, सोलापूरचं ऊन. बाराच्या सुमाराला माझ्या कॅमेऱ्यावर थर्मामीटरचं चित्र आलं आणि कॅमेरा बंद पडला. तापला होता!

"ऊन लागलंय त्येला," अप्पा म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पाण्याच्या पिंपात बुडवला आणि कॅमेऱ्याभोवती गुंडाळला.

"अप्पा! पाणी!"

"पिळलाय की रं!"

तेवढ्यात शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं.

इथं अप्पांची एक रीत सांगायला हवी. अक्षता टाकायच्या वेळी ते फोटो काढत नाहीत. लग्न कुणाचंही असो, कॅमेरा बाजूला ठेवतात, मूठभर अक्षता घेतात आणि गर्दीत जाऊन उभे राहतात. "आशीर्वादाला बोलवल्यालं असतंय आपल्याला," म्हणतात. त्यामुळं लग्नातला सगळ्यात मोलाचा क्षण नेहमी मी टिपायचा. आणि त्या दिवशी माझा कॅमेरा ओल्या टॉवेलात!

अप्पांनी डबी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि ते गर्दीत गेले. अंतरपाट खाली येणार एवढ्यात मी डबी ओढली, बोहल्याशेजारच्या खुर्चीवर चढलो, नळी थोडी बाहेर काढली आणि तीन फोटो काढले. डबी होती तिथं अडकवून ठेवली आणि टॉवेल सोडायला धावलो. कॅमेरा वाचला. त्या आनंदात बाकीचं विसरून गेलो.

चार दिवसांनी दुकानात आलो तर शोकेसमधली फ्रेम बदललेली.

अक्षतांचे दाणे हवेत लटकलेले. अंतरपाट नुकताच खाली आलेला, नवरा-नवरी पहिल्यांदा एकमेकांकडं बघतायत, आणि पुढच्या ओळीपासून मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत सगळ्या गर्दीचे हात वर. तो फोटो माझा होता!

"कसा हाय?" अप्पांनी आतूनच विचारलं.

"चांगला आहे."

"डबीतला हाय," ते म्हणाले. "असा फोटो लई वर्सांनी आला."

काय सांगणार होतो? बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं होतं, आणि ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. वर माझ्या कॅमेऱ्यानं नव्हे, डबीनं झालं होतं! श्रीनिवासला सांगितलं तर तो म्हणाला, "सांगून टाक की." मी म्हटलं, "आणि अप्पांचं तोंड उतरलं तर?"

महिनाभर पेठेतली माणसं थांबून बघत होती. "अप्पांचा हात अजून हाय तसाच हाय!" अप्पा चष्मा पुसायचे. मी आत बसून एडिटिंग करायचो आणि जळायचो. हो, सख्ख्या बापावर जळायचो, खोटं कशाला सांगू.

मग एक दिवस शाळेतल्या एक बाई पासपोर्ट फोटोसाठी आल्या. आमच्या हातात काम होतं म्हणून त्या बाहेर शोकेसपुढं थांबल्या. बऱ्याच वेळानं आत आल्या.

"अप्पा, बाहेरचा फोटो तुम्हीच काढलाय ना?"

"समदे तसंच म्हणत्यात," अप्पा म्हणाले.

"मग डाव्या कडेला फेटा बांधून अक्षता टाकतंय ते कोण? ते तर तुम्हीच आहात!"

मी धडपडत बाहेर गेलो. महिनाभर रोज तो फोटो बघत होतो, पण कधी दिसलं नव्हतं. दोन डोक्यांच्या मधे गुलाबी फेटा, चष्मा, वर गेलेला हात. डबीनं कडेचा माणूसही स्पष्ट टिपला होता. अप्पाच!

परत आत आलो तर श्रीनिवासनं मान खाली घातलेली. गिऱ्हाइकासमोर अप्पांची फजिती होणार, आणि ती माझ्यामुळं. मी काहीतरी सारवासारव करायला पुढं झालो. अप्पा उठले, गुडघ्यावर हात ठेवत बाहेर गेले, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. मग आत आले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. अक्षतांच्या वेळी ते कॅमेरा धरतच नाहीत, म्हणजे हा फोटो आपला नव्हे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं.

"ज्यानं काढलाय त्येला इचारा की," अप्पा म्हणाले, आणि बाईंना स्टुलावर बसवून त्यांची हनुवटी सरळ करायला लागले. "हितं बघा बाई. हसायचं न्हाय."