दादाला कोणतं पुस्तक द्यावं?

आजवर जगात झालेल्या निम्म्या लढाया माझ्या साडूंनी सहज टाळल्या असत्या. फक्त संबंधित राजांनी आपली जळालेली मोटार घेऊन एकदा वडीगोद्रीला त्यांच्या दुकानात यायला पाहिजे होतं. हायवेच्या कडेला त्यांचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या गावांतला शेतकरी ती मोटारसायकलवर बांधून तिथे आणतो आणि साडू जुनी तार उपसून नवी भरेपर्यंत बाकावर बसून राहतो. अशा बसलेल्या माणसाला दुसऱ्या दुकानात चहा मिळाला असता. इथे पुस्तक मिळतं. तेही इतिहास, राजकारण आणि युद्ध या तीनच विषयांवरचं, कारण कथा-कादंबऱ्या हा साडूंच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. एका फळीवर तांब्याच्या तारेची रिळं, दुसरीवर दोन्ही महायुद्धं. प्रत्येक पुस्तकाला मोटारीच्या इन्सुलेशनच्या कागदाचं कव्हर घातलेलं, त्यामुळे कुठलं पुस्तक कोणतं, हे त्यांच्याशिवाय कुणालाही ओळखता येत नाही.

कुणाला काय वाचायला द्यायचं, हे ठरवायला त्यांना क्षणभरही लागत नाही. मोटार कशी जळाली यावरून त्यांना माणूस कळतो. व्होल्टेज कमी असताना हट्टानं मोटार चालवणाऱ्याला ते ऐन हिवाळ्यात परक्या मुलखात फौज घुसवणाऱ्या बादशहाचं पुस्तक देतात. मोबाइलवर आलेला इतिहास सांगणाऱ्याची मोटार सगळ्यात शेवटी भरतात. नव्या सरपंचांना त्यांनी निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वजिराच्या नातेवाइकांनी एक सल्तनत कशी बुडवली, हे सांगणारं पुस्तक नेऊन दिलं. सरपंचांचा मेव्हणा ग्रामपंचायतीची कामं घेतो हे साडूंच्या ध्यानीमनीही नव्हतं, पण सरपंचांची मोटार तेव्हापासून अंबडला भरली जाते. माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या हातात त्यांनी एका लांबलेल्या वेढ्याचा इतिहास ठेवला आणि "संसाराला कामाला येतंय" असं म्हणून जेवायला बसले.

पुस्तक परत करताना परीक्षा असते. साडू देतानाच मधल्या कुठल्या तरी दोन पानांत केसासारखी बारीक तांब्याची तार ठेवून देतात. तार जागची हलली नसेल तर माणसानं ते पान उघडलेलंच नाही. मी जालन्याला शाळेत गणित शिकवतो, पोरांच्या कॉप्या पकडण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे हा डाव मी दुसऱ्याच पुस्तकाला ओळखला. तार शोधून काढली आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तार खिशात टाकली आणि शांतपणे विचारलं, "सर, मंग तहात कोण फसलं?" पुस्तक पुन्हा माझ्या पिशवीत आलं.

त्यांचा सगळा भरवसा मात्र या एका गोष्टीवर की, लढाई कशी होते हे नीट वाचलेला माणूस कधी लढणार नाही. बांधावरून शेजाऱ्याशी हातघाईवर आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी याच भरवशावर पहिल्या महायुद्धाचा इतिहास दिला. आठ दिवसांनी त्या गड्यानं जेसीबी आणून बांधाच्या कडेनं छातीभर खोल चर खोदला. साडू धावत गेले. तो म्हणाला, तुमच्याच पुस्तकात आहे, सगळ्या फोटोत चर आहेत. साडू दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी त्यांनीच स्वतःची समजूत घातली की दोष पुस्तकाचा नाही, त्यानं दुसरा भाग नेला नव्हता.

अशा या माणसाचं सख्ख्या थोरल्या भावाशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. दादा राहतात दुकानापासून गाडीवर दहा मिनिटांवर, मळ्यात. दोघांत विहीर एक, मोटार एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात साडू आपल्या पाळीला दुपारपर्यंत फिरकलेच नाहीत, म्हणून दादांनी पाणी आपल्या मोसंबीला लावलं आणि साडूंचा भुईमूग वाळला. मी तार आणायला अंबडला गेलो होतो, असं साडूंचं म्हणणं. दादा चार माणसांत म्हणाले, "तू आता पुस्तकालाच पाणी पाज." हे शब्द साडूंना फार लागले. तेव्हापासून आपली पाळी त्यांनी गड्यावर सोपवली आणि त्या मळ्याकडे पाऊल टाकलं नाही. घरातल्या दोघी जावा बाजारात भेटून सुखदुःख बोलत, पण भाऊ समोरासमोर आले तर एक जण रस्ता ओलांडायचा. माझ्या थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे साडूंच्या घरच्या ताईंच्या सांगण्यावरून मी एकदा विषय काढून पाहिला. म्हटलं, साडूभाऊ, जगातले सगळे तह तुम्हाला पाठ आहेत. त्यावर त्यांनी मला मोडलेल्या तहांची यादी ऐकवली. ती बरीच मोठी होती.

गेल्या हिवाळ्यात दादा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. पाय मोडला, प्लास्टर झालं, दीड महिना बाजेवर पडून राहायचं ठरलं. मी त्या रविवारी दुकानातच होतो. दादांच्या घरच्या वहिनी आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते म्हणून राह्यले, काही वाचायला दे म्हणावं." एवढं बोलून त्या गेल्या.

साडूंच्या हातातली पक्कड हातातच राहिली. मग ते उठून फळीपाशी गेले. एक पुस्तक काढलं, ठेवलं. दुसरं काढलं. युद्धाचं दिलं तर वाटेल धमकी देतो. फाळणीचं दिलं तर टोमणा. तहाचं दिलं तर दादा म्हणणार, आला वाकत. हरलेल्या राजाचं चरित्र दिलं तर त्यात हरलेला कोण, ह्यावर नवीन भांडण. पुढच्या रविवारी गेलो तर बाकावर पुस्तकांचा ढीग आणि गिऱ्हाइकं उभी. ताईंनी सांगितलं, आठवडाभर हेच चाललंय, मोटारी तशाच पडल्यात. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला पुस्तकं सुचवली, त्याला सख्ख्या भावासाठी एक सापडत नव्हतं. शेवटी ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, तुम्ही चला बराबर. मला एकट्याला न्हाई जमायचं."

आम्ही माझ्या गाडीवर मळ्यात गेलो. दादा अंगणात बाजेवर टेकून बसले होते. त्यांनी आधी भावाच्या हाताकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"पुस्तक?"

"सापडलं न्हाई," साडू म्हणाले.

दादांनी दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून बाजूला सरकवला आणि बाजेवर जागा केली. साडू बसले. मग म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी अंबडला गेल्तोच न्हाई. दुकानात वाचत बसलो होतो. पाळीचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

"म्हाईत हाय मला," दादा म्हणाले. "मी आल्तो बोलवायला. खाली मुंडी घालून वाचून राह्यला होता तू. लई गुंगला होता. आवाज न्हाई दिला, वापस गेलो."

साडूंनी खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला. एका हाकेसाठी नऊ वर्षं गेली होती, आणि ती हाक मारायचं दादांनी मायेपोटीच टाळलं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या. तो आम्ही तिघांनी घेतला. निघताना दादा एवढंच म्हणाले, की पाय बरा होईपर्यंत सकाळची मोटार तूच चालू करत जा.

परत येताना साडू गाडीवर माझ्यामागे बसले होते. दुकान येईपर्यंत त्यांनी मला एकही पुस्तक सुचवलं नाही.